पायात बूट नव्हते म्हणून

"उद्या येणार! हेलिकॉप्टर उद्या येणार!" चैतू ओरडतच नाल्याच्या काठावर आला. "शाळेच्या मैदानात चुन्यानं गोल काढून राह्यले. मोठ्ठा! अन् मधात इंग्रजी एच!"

रोशनीने गळ पाण्यातून वर ओढला. "आपल्याले आत बसू देतील का रे?"

"तुले? तुझ्या अंगाले मासोळीचा वास येते. पायलट बेशुद्ध पडंल!"

"अन् तू बसला तं ते उडणारच नाई! काल माझ्या घरी किती भात हाणला, सांगू का साऱ्याइले?"

चैतू खदाखदा हसला. रोशनीही हसली. ललिता मात्र पाण्याकडे बघत बसली होती. तिच्याकडे लक्ष जाताच दोघांचं हसू थांबलं.

"चाल ना, ललिता," रोशनी हळूच म्हणाली. "नुसतं पाहून येऊ. नाई आवडलं तं वापस येऊ."

ललिता उठली. चपला हातात घेऊन ती निघाली आणि लगेच थांबून तिने त्या पायात घातल्या. अनवाणी दिसली की तिचे बाबा, जंगू, हल्ली फार रागवायचे. आधी ते असे नव्हते.

कोडमगुडा हे गाव गडचिरोलीच्या जंगलात अगदी आत होतं. पुढच्या डोंगरातल्या गावांना धड रस्ता नव्हता. निवडणूक आली की मतदान घेणारी माणसं इथपर्यंत गाडीने यायची आणि इथून पुढे हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने जायची. यंदा निवडणूक नेमकी दिवाळीच्या सुट्टीत आली, म्हणून तिघं घरीच होते.

पण ललिताच्या घरी दिवाळी झाली नव्हती. तिची आई, कलाबाई, पावसाळ्यात गेली होती.

तेव्हा पुराने गावाला चारी बाजूंनी वेढलं होतं. कलाबाईला हिवताप झाला आणि तो डोक्यात चढला. आरोग्यसेविकेने सलाईन लावलं आणि फोन करकरून हेलिकॉप्टर मागवलं. ते आलंही, भर पावसात. जंगू बायकोसोबत जायला निघाला, तेव्हा मैदानाच्या फाटकात भैयाजीने त्याला अडवलं.

भैयाजी म्हणजे गावातला ठेकेदार. मांडव असो, रस्ता असो, निवडणूक असो, पूर असो, पुढे तोच. त्या दिवशीही गळ्यात शिट्टी अडकवून तो लोकांना फाटकाबाहेर लांब सारत होता; तिथून भर पावसात मैदानातलं कोणालाच धड दिसत नव्हतं.

"जंगू, हे मिलिटरीचं हेलिकॉप्टर हाये!" तो म्हणाला होता. "लुंगीवर, अन् असा अनवाणी? चालत नाई! फुलपँट लागते, नाडीचे बूट लागते. नियम हाये! जा, पटकन घालून ये!"

जंगू चिखलातून गुरुजींच्या घरापर्यंत पळत गेला. गुरुजींची पँट घातली, बुटात पाय कोंबले, आणि नाडी न बांधताच परत पळत सुटला. तो फाटकाशी पोचला तेव्हा हेलिकॉप्टर झाडांच्या वर गेलेलं होतं.

कलाबाई नागपूरच्या दवाखान्यात एकटीच वारली. तेव्हापासून जंगू कोणाशी फारसं बोलत नसे. एकदा फक्त ललिताने त्याला स्वतःशीच पुटपुटताना ऐकलं होतं. "पायात बूट नव्हते म्हणून... माझ्या पायात बूट नव्हते म्हणून..."

*

मैदानात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी मंडळी सतरंजीवर बसली होती. त्यांच्यासमोर निळ्या-करड्या गणवेशातला एक उंच माणूस उभा होता. तिघं शाळेच्या भिंतीआड दबा धरून बसले.

"मी सार्जंट दिनेश," तो म्हणाला. "हवाई दलात असलो तरी आरमोरीचा हाये, म्हणून आपल्या भाषेतच सांगतो. उद्या सुती कपडे घालून या, पूर्ण बाह्यांचे. गुरुजी, हा तुमचा चकचकीत ट्रॅकसूट चालणार नाही!"

"नवाच आहे हो! दिवाळीत घेतला!" गुरुजी कळवळून म्हणाले.

"नवा असू द्या. नायलॉन आहे तो. आग लागली तर वितळून कातडीला चिकटतो. मग डॉक्टरलाही सोलून काढता येत नाही."

गुरुजींनी ट्रॅकसूटच्या बाहीवरचा हात घाईने काढून घेतला. चैतूने तोंडात बोट कोंबून हसू दाबलं.

"टोपी, मफलर, ओढणी, दुपट्टा, सारं पिशवीत. पंख्याचा वारा इतका असतो की अंगावरचं सैल ते उडतं, अन् उडून इंजिनात गेलं की आपण सगळे खाली. बाई, केस घट्ट बांधा. बूट नाडीचे घाला, चप्पल पायातून निघून जाते. कानात कापसाचे बोळे. पाण्याची बाटली जवळ ठेवा, ओळखपत्र अन् रोजच्या गोळ्या खिशात. काडेपेटी, लायटर कोणाकडे असंल तर आजच देऊन टाका."

"आणि लोणच्याची बरणी?" एका बाईंनी विचारलं.

"काचेची?"

"काचेची."

"मग ती इथंच राहू द्या. आम्ही संपवून टाकू!"

सगळे हसले. "अन् एक लक्षात ठेवा," सार्जंट एकदम गंभीर झाला. "आम्ही हात केल्याशिवाय जवळ यायचं नाही. आलात तर समोरून, वाकून. शेपटीकडे कोणीही जायचं नाही. तिथला पंखा फिरताना दिसत नाही."

मंडळी चहाला उठली. ललिता भिंतीआडून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. रोशनीने तिचा फ्रॉक ओढून पाहिला, पण उपयोग झाला नाही.

"साहेब, अनवाणी माणसाले तुम्ही बसूच देत नाई का?"

सार्जंट हसला. "या मास्तर लोकांना बूट लागतात, बाळा. त्यांना पुढं डोंगरात उतरायचं आहे."

"पण पुरात? बिमार माणसासोबतचा माणूस असंल तर?"

"पुरात कोण पाय पाहतो? नुसत्या ओल्या टॉवेलवर असलेले लोक उचललेत आम्ही. एका म्हातारबाच्या काखेत कोंबडी होती, ती पण नेली. पेशंटसोबतच्या माणसाला तर आम्ही ओढून आत घेतो."

ललिताचा चेहरा पांढरा पडला. "मग माझ्या बाबाले काऊन नाई घेतलं?"

तिने सगळं सांगितलं. मधे जे राहिलं ते रोशनीने सांगितलं. सार्जंट ऐकता ऐकता खाली बसला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"त्या हेलिकॉप्टरमध्ये मीच होतो," तो म्हणाला. "पण तुझी आई एकटी नव्हती, पोरी. 'पेशंटसोबत कोण?' म्हणून मी ओरडलो, तर एक माणूस पुढं आला. मी तिचा भाऊ आहे म्हणाला, अन् चढला."

"माझ्या आईले भाऊच नाई!" ललिता किंचाळली.

चैतूने विचारलं, "तो माणूस कसा होता?"

"रेनकोटची टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्यात पावसाचा मारा. तोंड असं पाहिलंच नाही मी. माझं सारं लक्ष सलाईनच्या बाटलीवर होतं. नागपूरला उतरलो, तो निघून गेला. मला वाटलं कागद करायला गेला असंल."

*

"भैयाजी!" नाल्याकडे परत जाताना चैतू म्हणाला. "दुसरा कोण असंल? त्यानंच जंगूकाकाले वापस पाठवलं!"

"पण भैयाजी तं म्हणते, मी पुरातून डोंग्यानं गेलो," रोशनी म्हणाली. "साऱ्या गावाले सांगते. जिवावर उदार होऊन गेलो अन् तुमच्यासाठी धान्य घेऊन आलो, म्हणते."

"गावात डोंगा कोणाचा हाये?"

रोशनी थबकली. डोंगा, म्हणजे होडी, तिच्याच बाबांकडे होती! तिघं पळत सुटले.

रोशनीचा बाप सोमाजी जाळं विणत बसला होता. "त्या पुरात डोंगा?" तो म्हणाला. "पोट्टेहो, पाणी आंब्याच्या शेंड्याले लागलं होतं. मी माझा डोंगा मोहाच्या झाडाले बांधून ठेवला होता. कोण्या भैयाजीले मी नेलं नाई."

"मग तुम्ही हे कोणाले सांगितलं काऊन नाई, बाबा?" रोशनीने विचारलं.

सोमाजीचा हात थांबला. "मले वाटलं, दुसऱ्या गावच्या कोण्या डोंग्यानं गेला असंल. अन् कोणी मले विचारलंही नाई." त्याने मान खाली घातली आणि तो पुन्हा जाळं विणू लागला.

"आता चला इसरू आजाकडे!" चैतू उसळून म्हणाला. इसरू आजा गावचा सगळ्यात जाणता माणूस होता.

"अन् काय सांगशील?" ललिता म्हणाली. "भैयाजी म्हणंल, मी पोहत गेलो. सार्जंट भाऊनं तोंड पाहिलं नाई. तो साफ नाई म्हणंल, अन् आपण पोट्टे खोटे ठरू."

तिघं मोहाखाली बसून राहिले. मग रोशनी म्हणाली, "भैयाजीसमोर कोणी चुकीचं बोललं की त्याले राहवत नाई. आठवते? शाळेत झेंडावंदनाच्या भाषणात गुरुजीइले मधातच टोकलं होतं!"

"मग?"

"मग आपण त्याच्यासमोर चुकीचं बोलू."

ते पुन्हा सार्जंटकडे गेले. "भाऊ, त्या दिवशी आत असं काही झालं का, जे फक्त आत बसलेल्या माणसालेच माहीत असंल?" रोशनीने विचारलं.

सार्जंटने विचार केला. "सलाईन अडकवायचा पट्टा तुटला होता," तो म्हणाला. "नागपूरपर्यंत बाटली मी हातात धरून उभा होतो. हात बधिर झाला होता माझा."

रोशनीने चैतूकडे पाहिलं. ठरलं! पण ललिताजवळ आल्यावर तिचा आवाज खाली आला. "खेळ खेळल्यासारखं करावं लागंल, ललिता. मले पेशंट व्हावं लागंल. तुले वाईट वाटंल."

"वाटू दे," ललिता म्हणाली.

*

सकाळी सगळं गाव मैदानाच्या फाटकाशी जमलं होतं. गुरुजी खादीच्या शर्टात आले होते. भैयाजी चहाच्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसला होता. नायब तहसीलदार बाई, इसरू आजा आणि इतर मोठी माणसं तिथेच होती. ललिताने हात धरून बाबांनाही आणलं होतं. जंगू खांबाला टेकून खाली बघत उभा होता.

मांडवाच्या अगदी पुढ्यात रोशनी गोणपाटावर आडवी झाली. चैतू हात फिरवत पळू लागला. "भरर्र! भरर्र! चला, पेशंट घ्या! खुर्च्या साऱ्या एसटीसारख्या, एकामागं एक!"

"हॅट!" भैयाजी हसला. "एसटी म्हणे! मिलिटरीच्या हेलिकॉप्टरात बाकं असते, भिंतीले लागून. इकडची माणसं तिकडं तोंड करून!"

"हो का? मग पेशंटले वरच्या फळीवर ठेवते, रेल्वेवाणी!"

"अरे, खाली! पायाजवळ, जमिनीवर ठेवते स्ट्रेचर. कायचं येते रे तुमाले!"

मोठी माणसं हसू लागली. चैतूने पाण्याची बाटली काठीला बांधून उंच धरली. "अन् सलाईन छताच्या हुकाले! असं टांगलं की हालत नाई!"

"कुठचा हुक घेऊन बसला?" भैयाजी खुर्चीतून पुढे झुकला. "पट्टा तुटून गेला होता. तो फौजी हातात बाटली धरून उभा होता, नागपूरपर्यंत! असा!" आणि त्याने हात वर करून दाखवला.

सार्जंट दिनेश मांडवाच्या मागून पुढे आला.

"तो फौजी मी होतो," तो म्हणाला. "अन् त्या दिवशी मागं आम्ही तिघंच होतो. मी, या ललिताची आई, अन् तिचा भाऊ."

भैयाजीचा वर केलेला हात तसाच राहिला. मग तो हळूहळू खाली आला. "मी... मले कोणी तरी सांगितलं होतं..."

"कोणी?" नायब तहसीलदार बाईंनी विचारलं.

"तू तं डोंग्यानं गेला होता ना, भैयाजी?" सोमाजी गर्दीतून पुढे आला. "माझा डोंगा तं झाडाले बांधला होता."

भैयाजीने सगळ्यांकडे पाहिलं. "पाणी माझ्या पायरीले लागलं होतं," तो अखेर म्हणाला. "रात्रभर चढून राह्यलं होतं. मी भेलो. मेलो असतो तं? अन् जंगू सोबत गेला असता तं कलाबाई वाचली असती का? सांगा ना! वाचली असती का?"

जंगूने मान वर केली. "बूट लागत नाई?" त्याने सार्जंटला विचारलं.

"नाही, भाऊ. काहीच लागत नाही. तुम्ही जसे होता तसेच या म्हणालो असतो मी."

जंगूने दोन्ही हातांनी खांब धरला. ललिता त्याला बिलगली.

सार्जंट भैयाजीकडे वळला. "तुम्हाला एक विचारायचं आहे. ती बाई सारखी एकच शब्द बोलत होती. मला वाटलं, कोणाचं तरी नाव घेते. मी तुम्हाला ओरडून विचारलं, काय म्हणते? तुम्ही हात हलवला. काही नाही, तापात बरळते, म्हणालात."

"कोणता शब्द?" इसरू आजाने विचारलं.

"येर. येर, येर, असं म्हणत होती."

गर्दीत कोणीतरी दबलेला हुंदका दिला. बाया पदरात तोंड लपवू लागल्या. सार्जंट गोंधळून सगळ्यांकडे पाहू लागला. "काय झालं? येर म्हणजे काय?"

"पाणी," ललिता म्हणाली. "आमच्या गोंडीत येर म्हणजे पाणी."

सार्जंटचा हात नकळत कमरेच्या बाटलीवर गेला. "माझ्याजवळ होतं," तो म्हणाला. "ओठ तरी ओले केले असते मी तिचे. होतं ना माझ्याजवळ!"

"मले आवाजात ऐकूच नाई आलं!" भैयाजी घाईने म्हणाला.

"ऐकू नाई आलं, तं बरळते हे कसं समजलं?" इसरू आजा काठी टेकत त्याच्यासमोर आला. "मतं मागाले येते तेव्हा आमच्या अंगणात बसून तू गोंडीच बोलते, भैयाजी. आमच्याइतकीच बोलते. आता या गावात तुझ्याशी कोणी गोंडीत बोलणार नाई, अन् मराठीतबी नाई. जा."

भैयाजी गेला. फटफटीला किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"जबाब घ्यायला लावते मी," नायब तहसीलदार बाई ललिताला म्हणाल्या. "पण बाळा, तुला खोटं सांगत नाही. शिक्षा होईलच असं नाही."

ललिताने मान डोलावली.

मग मोठ्यांना एकदम पोरांची आठवण झाली. गुरुजींनी चैतूची पाठ थोपटली. इसरू आजाने तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "पोट्टेहो, जे आमाले नाई समजलं ते तुमी शोधलं. लय हुशार निघाले! शाबास!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोशनी आणि चैतू लाजून उभे राहिले. ललिताला वाटलं, टाळ्या लवकर थांबाव्यात.

हेलिकॉप्टर यायला अजून वेळ होता. सार्जंट दिनेश तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"मला शिकवशील?" त्याने विचारलं. "थोडेच शब्द. पुढच्या पुरात मलाच पाठवतील, किंवा माझ्या जोडीदाराला. त्यालाही मी शिकवीन."

ललिताने बाबांकडे पाहिलं, मग सार्जंटकडे. "'पाणी' तं येते तुमाले," ती म्हणाली. "आता 'कुठी दुखते' शिका."

तिने सांगितलं. तो म्हणाला. चुकलं, तेव्हा चैतूने सुधारलं. मग 'भिऊ नको' झालं, मग 'थंडी वाजते का'. रोशनीला गोंडी अर्धवटच येत होती, म्हणून तीही त्यांच्यासोबत म्हणू लागली. दुरून घरघर ऐकू आली. मतदानाची मंडळी पिशव्या उचलून रांगेत उभी राहिली.

जंगू खांब सोडून त्यांच्याजवळ आला आणि पोरीच्या शेजारी जमिनीवर बसला.

"त्याले अजून एक शिकव, ललिता," तो म्हणाला. "'तुझा माणूस मागून येऊन राह्यला' हे कसं म्हणते, ते शिकव."

ललिताने बाबांच्या कुशीत तोंड लपवलं. तेव्हा जंगूनेच ते सावकाश म्हणून दाखवलं. सार्जंट त्याच्या तोंडाकडे बघत ते म्हणाला. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. जंगूने ते पुन्हा सांगितलं, आणि डोक्यावर हेलिकॉप्टरचा आवाज भरून येईपर्यंत सांगतच राहिला.